कानामागून आली आणि…

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, साडेसहा हजार पाहिजेत. कानासाठी." माझ्या पोटात गोळा. पडदा फाटला? मशीन बसवायचंय? "नाही रे मामा, गेमिंग हेडसेट. शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत."

आजीची हाक याला चारदा मारूनही ऐकू येत नाही. त्यासाठी आम्ही कधी कुणाकडे साडेसहा हजार मागितले का?

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे कॉलेजच्या कागदोपत्री. प्रत्यक्षात तो दिवसा फोनवर बीजीएमआय आणि रात्री लॅपटॉपवर व्हॅलोरंट खेळतो. मधल्या वेळेत झोपतो. अभ्यासाचं विचारलं तर म्हणतो, पीडीएफ आली आहे.

बीजीएमआयचा इतिहासही आपल्यासारखाच आहे. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 ॲप बंद केली, त्यात पबजी मोबाइल गेला. कारण, चिनी धागेदोरे. 2021 च्या जुलैत तोच मसाला बीजीएमआय नावाच्या नव्या डब्यात आला. 2022 च्या जुलैत पुन्हा गायब, 2023 च्या मेमध्ये पुन्हा हजर. आता खेळ कोरियन कंपनीचा आहे, देशाची सुरक्षा अबाधित आहे, आणि तो ज्या इअरफोनमधून ऐकायचा ते बहुधा चीनमधून येतात.

गोळी तिकडची चालत नाही. गोळीचा आवाज चालतो.

तर मुद्दा पावलांचा. माझ्यासारख्याला वाटतं, गेम म्हणजे डोळ्यांचं काम. चूक. एका सामन्यात शंभरापर्यंत खेळाडू, आणि त्यातले नव्याण्णव भिंतीआड. दिसणार कोण? दार करकरलं, कुणी बंदूक भरली, कुणी जिना चढला, हे कानालाच आधी कळतं. फोनच्या छोट्या नकाशावर पावलांची खूण उमटते म्हणा. पण तिकडे बघायला डोळे वळवले की समोरचा तेवढ्यात काम उरकतो.

यात नवीन काय आहे? आपण आंधळी कोशिंबीर खेळलोच की. डोळ्यांना फडकं, आणि टाळी कुठून आली त्यावर झडप. तेव्हा हेडसेट नव्हता. फडकंसुद्धा आईच्या जुन्या साडीचं होतं.

टाळीची दिशा कळते कशी, हे लॉर्ड रॅले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1907 मध्ये मांडून ठेवलंय. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि जरा मोठा पोचतो. डाव्या कानात तो उशिरा येतो, कारण मध्ये डोकं असतं. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका. एवढा सूक्ष्म हिशेब मेंदू फुकटात करतो.

आणि आपण भाजीवाल्याकडे मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढतो.

भाच्याला घेऊन तपकीर गल्ली गाठली. पुण्यात जे विजेवर चालतं ते तिथे मिळतं, आणि जे चालत नाही तेही मिळतं. दुकानदाराने काउंटरवर एक काळं धूड ठेवलं. दोन्ही कानांवर लाल-हिरवे दिवे. "सेव्हन पॉइंट वन आहे साहेब. आत सात स्पीकर." मी म्हटलं, उघडून दाखवता? तो म्हणाला, सील तुटेल.

सील तुटायची गरज नाही. अशा बहुतेक हेडसेटांत डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोनच स्पीकर असतात. बाकीचे पाच सॉफ्टवेअरमध्ये राहतात. मतदार यादीतल्या काही मंडळींसारखे.

आणि ते दिवे? कानावरचे दिवे ज्याच्या कानावर आहेत त्याला दिसत नाहीत. मोराला निदान मान वळवून आपला पिसारा बघता येतो.

या सगळ्याची किंमत खोक्यावरच्या एका शब्दात आहे. 'गेमिंग.' हा शब्द खुर्चीवर छापला की खुर्ची महाग, उंदरावर छापला की उंदीर महाग. हल्ली चष्माही गेमिंगचा मिळतो. फक्त परीक्षेचं पॅड अजून साधं आहे, कारण त्याचा वापर कमी.

महाग म्हणजे चांगलं, ही आपली जुनी अंधश्रद्धा. येरोन ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोन मोजले आणि निष्कर्ष छापला: आवाजाचा आलेख आणि विक्रीची किंमत यांचा काही संबंध सापडत नाही. वजन, टिकाऊपणा, दिसणं यांचे पैसे पडत असतील. आवाजाचे पडतातच असं नाही.

लग्नाच्या हॉलचंही असंच असतं. पण ते मोजायला कोण बसतं?

मग घ्यायचं काय? उत्तर बोटाच्या पेराएवढं आहे. इन-इअर मॉनिटर, पोरांच्या भाषेत आयईएम. दुकानदाराला 'मॉनिटर' म्हटलं तर त्याने मागचा स्क्रीन दाखवला. आमच्या पिढीला मॉनिटर म्हटलं की वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा आगाऊ मुलगा आठवतो. हा तिसरा. हा बोलणाऱ्यांची नावं थेट कानात सांगतो.

वस्तू मुळात रंगमंचावरची. गायक-वादकांना आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर स्पीकर ठेवायचे, ते मॉनिटर. 1991 मध्ये एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने कानाच्या आत जाणारा ईआर-4 काढला. 1995 च्या सुमारास जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने ॲलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठी कानाच्या आतले मॉनिटर बनवले, आणि बडे कलाकार हळूहळू तिकडे वळले. बाहेरचा गोंगाट अडला की आतला आवाज कमी ठेवता येतो, म्हणजे कान वाचतात.

पोरांनी बाहेरचा गोंगाट अडवला. आतला आवाजही वाढवला. कंपनीच्या माहितीपत्रकात या मेंदूचा उल्लेख नाही.

आता गंमत ऐका. मोठ्या स्पर्धांची थेट प्रक्षेपणं बघितली तर खेळाडूंच्या डोक्यावर जाडजूड हेडसेट दिसतात, त्यावर प्रायोजकाचं नाव ठळक. पण काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांत त्या हेडसेटच्या आत कानात एक छोटी गोळी असते. गेमचा आवाज त्या गोळीत. वरच्या धुडात प्रेक्षकांचा आरडाओरडा दाबायला नुसती खरखर सोडलेली.

म्हणजे नाव ज्याचं दिसतं त्यात खरखर, आणि काम करणारा आत लपलेला. आपल्या ऑफिसात वेगळं काय असतं?

पण आयईएम म्हटलं की उडी मारू नका. तिथेही बाजार आहे, आणि बाजाराला हलक्या कानाचं गिऱ्हाईक आवडतं.

पहिली थाप ड्रायव्हरची. आवाज काढणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. एकाने एक दिला की दुसरा पाच देतो, तिसरा दहा. पण बऱ्या बसवलेल्या एका ड्रायव्हरपुढे कसेबसे जुळवलेले पाच फिके पडतात. गाडीत एक ड्रायव्हर पुरतो ना? पाच बसले की रस्ता कुठला यावरच भांडण.

दुसरी थाप सोनेरी स्टिकरची. 'हाय-रेझ.' हा स्टिकर मिळवायचा तर उपकरणाने 40,000 हर्ट्झपर्यंत आवाज काढायला हवा. माणसाचा कान 20,000 ला थांबतो, तोही तरुणाचा. माझ्या वयाला त्याच्या बरंच अलीकडे. 40,000 ऐकतो तो कुत्रा.

सोसायटीतल्या मोत्यासाठी घेणार असाल तर स्टिकर जरूर बघा.

तिसरी थाप 'एक्स्ट्रा बास'. बॉम्ब फुटला की छाती दणाणली पाहिजे म्हणे. दणाणेल. पण जाड आवाजाखाली बारीक आवाज दबतो, हा कानाचा धर्म आहे. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाच्या शेजारी उभं राहून बायकोला काही सांगून बघा. तिने मान डोलावली तर समजा काहीच ऐकू आलेलं नाही.

पावलाचा आवाज म्हणजे ढोलाशेजारची बायको. तिला ऐकायचं तर ढोल आवरा. जाड, मधला, बारीक असे सगळे स्वर जागेवर असलेला समतोल आवाज घ्या. तो पहिल्या दिवशी अळणी वाटतो. आठवड्याने कळतं की आजवर आपण मीठच जेवत होतो.

चौथी गोष्ट थाप नाही, आपलीच सवय. ब्लूटूथ. वायर नको, गुंता नको, दिसायला देखणं. साध्या ब्लूटूथला आवाज कानात यायला दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. 'गेम मोड'वाले कमी घेतात, पण घेतातच. माणसाला आवाजाने दचकून बोट हलवायला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. दोन्ही उशिरांची बेरीज करा.

बेरीज होईपर्यंत तुम्ही मरून लॉबीत परत आलेले असता.

म्हणून वायर. वायर म्हटलं की फोन हसतो, कारण त्याला भोकच नाही. कंपन्यांनी जॅक काढला, जागा वाचवली, आणि वाचलेल्या जागेत वायरलेसची जाहिरात बसवली. मग टाइप-सी चा डोंगल घ्या. शंभराचा स्वस्तातला नको. त्यातले काही नुसती वायर असतात आणि कित्येक फोनांवर मुकेच राहतात. आत डॅक असलेला मागा, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप.

डेस्कटॉपवाल्यांनो, तुमच्याकडे भोकं दोन आहेत, हिरवं आणि गुलाबी. आयईएमच्या माइकवाल्या वायरीला पिन एकच. हिरव्यात घातली तर ऐकू येईल, बोलता येणार नाही. दोन तोंडांचा स्प्लिटर लावला की दोन्ही होईल.

ऐकू येतं पण बोलता येत नाही, ही सोय घरोघरी हवी होती. ती विकत मिळत असताना लोक स्प्लिटर लावतात.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती खोक्यात फुकट येते. रबराची टोपणं. लहान, मध्यम, मोठी. बहुतेक लोक जी लावलेली आली तीच ठेवतात आणि मग 'आवाज पातळ आहे' म्हणून एक स्टार देतात. टोपण कानात घट्ट बसलं नाही की जाड आवाज फटीतून पळतो. दोन कानांत दोन मापं लागली तरी लाजू नका. भाच्याच्या डाव्या कानात मध्यम बसलं, उजव्यात मोठं.

चप्पल घेताना आपण दहा जोड घालून, दुकानात चालून बघतो. कान काय पायापेक्षा खालचा?

वायरही नीट घाला. हल्लीच्या आयईएमची वायर कानावरून मागे जाते आणि मग खाली येते. लोंबती ठेवली की कपड्याला घासते आणि घासल्याचा आवाज थेट मेंदूत. भाचा अर्धा तास आपलीच कॉलर शत्रू समजून गोळ्या झाडत होता.

आणि डावं-उजवं बघा. हसू नका. भाच्याच्या जुन्या इअरफोनवरची एल आणि आर ही अक्षरं घामाने पुसली होती. आठवडाभर शत्रू डावीकडून आला की हा उजवीकडे फिरून हवेत फैरी झाडायचा. त्याला वाटलं सर्व्हर खराब आहे.

राजकारणात असाच माणूस पक्ष बदलतो. भाच्याने फक्त कान बदलले.

नावं हवीत? घ्या. मूनड्रॉपचा चू-2, सेव्हनहर्ट्झचा झीरो-2, ट्रूथिअरचा गेट. सगळे चीनचे, सगळे दीड-दोन हजारांच्या आसपास. सेल लागला की खाली, संपला की वर. त्याहून कमी पैसे असतील तर केझेड नावाच्या कंपनीचे हजाराच्या आगेमागे मिळतात. वायर सुटी होणारी घ्या. वायर आधी तुटते, ड्रायव्हर नंतर. चू चा पहिला अवतार न सुटणाऱ्या वायरीचा होता, दुसऱ्याची सुटते. कंपनीला दोन अवतारांत अक्कल आली. विष्णूला दहा लागले.

आलेख बघायचे असतील तर सिंगापूरचा क्रिनॅकल नावाने ओळखला जाणारा समीक्षक शेकड्यांनी मोजून बसलाय. आधी मोजायचा, मग कंपन्यांसोबत मिळून स्वतःच्या नावाचे काढायला लागला. त्यातले काही चांगलेही निघाले.

समीक्षकाने स्वतः नाटक काढावं आणि ते चालावं? मराठीत अजून असं झाल्याचं ऐकिवात नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही आयईएम आपणहून देऊ शकत नाही. पुढचं की मागचं, वरचं की खालचं, हे कळतं ते बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळे. आणि आयईएम या वळ्यांना बगल देऊन थेट आत घुसतो. म्हणून बीजीएमआयच्या नकाशावरच्या पोचिंकी गावात, दुमजली घरात पाऊल वाजतं, पण वर की खाली ते कळत नाही. मग काय करायचं? जागेवर जरा वळा, आवाज कुठे सरकतो ते ऐका, पुन्हा वळा. घुबड मान वाकडी करतं ते उगाच नाही.

व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये ही वळ्यांची गणितं गेमच करून देतो. सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा खटका आहे, तो चालू करा. आणि विंडोजचा सराउंड, हेडसेटच्या सॉफ्टवेअरचा सराउंड, ही बाकीची दुकानं बंद. दोघांनी एकाच आवाजाला वळण लावलं की शत्रू संडासातून आल्यासारखा वाटतो.

एका लग्नात दोन भटजी बोलावतं का कुणी?

शेवटचा आकडा आणि तो कडू आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतील. 90 डेसिबलला फक्त 4. म्हणजे दहाने वाढवलं की पूर्ण आठवड्याचा कोटा एका संध्याकाळी संपला. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "काय म्हणालास?"

असो. तपकीर गल्लीत धूड परत ठेवलं. दीड हजारांचा आयईएम घेतला, डॅकवाला डोंगल घेतला. साडेसहातले साडेचार हजारांहून जास्त वाचले. ते वाचले असं मी म्हणतोय. भाचा त्यांना 'बॅलन्स' म्हणतो.

रात्री शेजारी बसून बीजीएमआयचा पहिला सामना बघितला. चौघांचा संघ. चौघांचे माइक चालू. "मागे, मागे!" कुणाच्या मागे? "इकडे!" इकडे म्हणजे कुठे? "अरे भाई, वरती!" एकाच वेळी चार जण, आणि ऐकणारा शून्य. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की असंच होतं. तिथे चहा तरी मिळतो.

समतोल आवाज, घट्ट टोपणं, डॅक, सगळं जागेवर. आणि पावलांवर बसलेत मित्र.

मी म्हटलं, मित्रांचा आवाज कमी कर. त्याने केला. मग मलाही कळलं काहीतरी बदललं ते, कारण भाच्याची मान घुबडासारखी वळली. एका इअरफोनला मीही कान लावला. लाकडी जिना. एक पाऊल. थांबलं. आणखी एक. थांबलं.

वरचाही ऐकत होता. त्यानेही दीड हजारांचा घेतला असणार. हा हलेना म्हणून तो हलेना, तो हलेना म्हणून हा. दोन मिनिटं झाली, तीन झाली. दोन तरुण श्वास रोखून एकमेकांची शांतता ऐकत बसले. आतून आजी म्हणाली, "झोपला वाटतं पोरगं. बरं झालं."

तेवढ्यात मैदान आवळत आणणारा निळा झोन सरकत आला आणि दोघांनाही खाऊन गेला. झोन येतोय हे नकाशावर केव्हाचं दिसत होतं. बघणार कोण? दोघं ऐकत होते.

सोमवारी पुन्हा फोन. "मामा, मॉनिटर पाहिजे."

"अरे, कालच घेतला ना?"

"तो कानाचा होता."